कुत्र्यासाठी घरची बिस्किटं पावसाळ्यात का बुरसटतात आणि ती नीट कशी करायची

अरे, तुझा प्रश्न काल रात्री वाचला. गुहागरला घर, शेरू दोन वर्षांचा गावठी, १४ किलोचा, नसबंदी झालेली, आणि तुला त्याची बाजारातली बिस्किटं बंद करून घरचं काहीतरी द्यायचंय. ओव्हन नाही, म्हणून नाचणी आणि लाल भोपळ्याची बिस्किटं कुकरमध्ये भाजलीस आणि चौथ्या दिवशी डब्यात पांढरी लव. त्यावर तू विचारलंयस की काकू रेसिपीत काय चुकलं.

रेसिपीत काही चुकलेलं नाही. नाचणी, भोपळा, अंडं, यापेक्षा चांगलं बिस्किट कुत्र्यासाठी मी पण करत नाही. तुझी बिस्किटं भाजली गेली पण वाळली नाहीत, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर ही दोन कामं वेगवेगळी धरायची. सगळे काय घालायचं यावरच बोलत बसतात, वाळवण्यावर कोणी बोलत नाही.

मी हर्णैच्या अलीकडे राहते, घरून नानकटाई, टोस्ट असलं करून विकते, आणि कुत्र्यांची बिस्किटं करायला लागून १२ वर्षं झाली, आधी आमच्या बंड्यासाठी, मग ओळखीतल्या लोकांसाठी. वाळवण्याचं महत्त्व मला बंड्यामुळेच कळलं आणि ते आठवलं की अजून पोटात कालवतं. जुलै महिना, आठ दिवस उन्हाचं तोंड दिसलं नव्हतं, मी भोपळ्याची जाडसर बिस्किटं केली, वरून मस्त कडक, गरम होती तशीच डब्यात भरली. पाचव्या दिवशी एक मोडलं तर आत मध्यावर करडा-हिरवा ठिपका. ते एक फेकलं, बाकीची वरून चांगली दिसत होती म्हणून ठेवली, दुपारी त्याला तीन-चार दिली पण. रात्री दोनदा उलटी झाली आणि पहाटे बघते तर मागचे पाय नुसते थरथरतायत, उभं राहता येईना, हाक मारली तर डोळे वर करून बघतोय फक्त. पावसात रिक्षाने डॉक्टरकडे नेला, सलाईन लागलं, दोन दिवसांनी त्याने भाताला तोंड लावलं तेव्हा मी जेवले. डॉक्टरांनी डबा मागवून बघितला आणि सांगितलं की काही बुरश्यांचं विष थेट मज्जातंतूंवर जातं, त्याने अशी थरथर येते, झटके पण येऊ शकतात.

म्हणून आधी तुझ्या त्या डब्याचं बोलू. सगळीच्या सगळी फेकून दे. लव खरवडून, परत भाजून द्यायची नाहीत, कारण भाजल्याने बुरशी मरते पण तिने सोडलेलं विष तसंच राहतं, अफलाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तर नेहमीच्या भाजण्याला दाद देत नाही. आणि आपल्याकडे सवय असते ना की कुत्र्याला नको तर कोंबड्यांना टाक, गाईच्या घमेल्यात टाक, ते पण करू नकोस, कोंबड्यांना ते बाधतं आणि गाईच्या दुधात उतरतं. पुरून टाक, आणि डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा होईपर्यंत वापरू नकोस.

आता माझं प्रमाण सांगते. नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ ५० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा ८० ग्रॅम, एक अंडं, सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, पूड २० ग्रॅम आणि लागेल तसं गरम पाणी, साधारण ५० मिली. एवढंच. मीठ नाही, गूळ नाही, तेल-तूप नाही, बेकिंग पावडर नाही, कारण फुगवायचं काहीच नाहीये, उलट जेवढं चपटं आणि घट्ट तेवढं ते आतपर्यंत वाळतं.

नाचणी का, तर घरात असते, गव्हाने ज्यांना त्रास होतो त्यांना चालते, आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, बाकीच्या धान्यांत एवढं नसतं. पण तिला चिकटपणा नाही, थंड पाण्यात मळलीस की लाटताना कडा फाटणार. तू लिहिलंयस की फाटत होती म्हणून पाणी वाढवत गेलास, बरोबर ना, तिथेच ते जास्तीचं पाणी आत गेलं. याला उपाय आपल्या आयांना माहितीच आहे, भाकरीला घेतो तसं उकळतं पाणी घ्यायचं. दोन्ही पिठं परातीत एकत्र कर, भोपळा गरम असतानाच त्यात घाल, वरून उकळतं पाणी थोडं थोडं टाकत चमच्याने हलव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. पिठाला वाफ लागली की ते आपोआप मऊ येतं, मोदकाच्या उकडीसारखं. हाताला सोसेल इतकं निवलं की मग अंडं आणि जवळा घालून मळ. आधी अंडं घातलंस तर ते शिजून गुठळ्या होतात आणि बांधायला काही उरत नाही.

जवळ्याबद्दल जरा सांगते कारण चव सगळी तिथे आहे. आगोटीला मे महिन्यात सुकी मासळी भरतो तेव्हाच शेरूचा म्हणून अर्धा किलो वेगळा घेऊन ठेव, जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात आणि मिळतो तो जुना नि दमट. जवळा जमिनीवर पसरून सुकवतात म्हणून त्यात रेती असते. आधी चाळणीत जोरात पाखड, मग बिडाच्या तव्यावर मंद आचेवर कोरडाच भाज, हातात चुरला की करकरीत आवाज यायला पाहिजे, मग चुरून परत एकदा बारीक चाळणीतून काढ. चाळणीखाली जी बारीक पूड पडते ती बोटात धरून चोळून बघ, कचकच लागली तर ती रेतीच आहे, ती टाकून दे आणि वरचा जवळा मिक्सरला लाव. चिमूटभर तोंडात टाकून बघ, खारट लागला तर तो घेऊ नकोस. वलांडीवर, म्हणजे दोरीवर टांगून, सुकवलेले बोंबील पण चालतात, त्यांना सहसा मीठ नसतं, पण मधला काटा काढायचा. खारवलेला बांगडा मात्र अजिबात नाही, कितीही धुतला तरी मीठ पुरतं निघत नाही. आणि पहिल्यांदा जवळा देताना एक-दोन तुकडेच दे आणि दोन दिवस बघ, कोळंबीच्या जातीचं काही कुत्र्यांना सोसत नाही.

मळून झालं की केळीच्या पानाखाली किंवा जाड प्लॅस्टिकखाली अर्धा सेंटीमीटर जाडीचं लाट, भाकरीपेक्षा जाड आणि थालीपिठाइतपत. मग सुरीने इंच-इंचाचे चौकोन काप. हाडाच्या आकाराचे साचे मिळतात, दिसतात छान, पण त्याची टोकं आधी करपतात आणि मधला भाग ओला राहतो, म्हणून मी चौकोनच करते. प्रत्येक चौकोनाला काट्याने आरपार तीन-चार टोचे मार, आतली वाफ तिथून बाहेर पडते. या प्रमाणात साधारण १०० चौकोन होतात.

भाजण्याकडे वळू. ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, असला तर १६० डिग्रीला २५ मिनिटं, उलटून आणखी १० मिनिटं, आणि मग, हे महत्त्वाचं, आच ९०-१०० वर आणून आणखी दीड तास. त्यानंतर बंद करून दार बोटभर उघडं ठेवून तसंच आत गार होऊ द्यायचं. तुझ्याकडे कुकर आहे. त्याची रिंग आणि शिट्टी काढलीस का ते तू लिहिलं नाहीयेस, काढलीच पाहिजे. खाली जाड मिठाचा दोन बोटं थर, त्यावर स्टँड, त्यावर ताटली. पण कुकर म्हणजे बंद भांडं रे, बिस्किटातून निघालेली वाफ आतच फिरते आणि परत बिस्किटावर बसते, वरून रंग येतो आणि आत ओल तशीच. तुझं नेमकं हेच झालंय. कुकरमध्ये भाजायचं तर झाकणाखाली दोन चमचे आडवे ठेवून फट ठेव, एका वेळी एकच थर लाव, आणि अर्ध्या तासाने बाहेर काढ. ते फक्त भाजलं, वाळायचं अजून बाकी आहे.

वाळवायला घरी चूल असेल तर तुझ्यासारखा नशीबवान कोणी नाही. रात्रीचा स्वयंपाक उरकला की वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या मंद तोंडावर, बिडाचा तवा ठेव, त्यावर जाळी आणि जाळीवर बिस्किटं, आणि सकाळपर्यंत विसरून जा. आमची आजी धोंडस, काकडीचा केक, करायची तेव्हा टोपाखाली निखारे आणि झाकणावर निखारे, मंद मंद दोन तास, त्याच्या वासाने पडवीत सगळी पोरं गोळा व्हायची, तीच पद्धत बिस्किटांना पण चालते, फक्त झाकण जरा सरकवून ठेवायचं. गॅसवरच करायचं तर तवा, त्यावर उंच जाळी, आच एकदम बारीक, आणि दर वीस मिनिटांनी उलटायचं, दोन तास धर. पंख्याखाली पसरून ठेवण्याचा मात्र पावसाळ्यात उपयोग नाही, हवाच ओली असते, सकाळी ती आणखी नरम झालेली असतात. मे महिन्यात गोष्ट वेगळी, आंबापोळ्या नि फणसाचे पापड घालतो तिथेच एका कोपऱ्यात भाजलेली बिस्किटं जाळीखाली ठेव, दोन कडक उन्हात काम होतं, कावळ्यांकडे लक्ष ठेवायला लागतं तेवढंच.

वाळलं की नाही हे डोळ्याने कळत नाही, मी तरी आता डोळ्यावर विश्वास ठेवत नाही. वजन करायचं. स्वयंपाकघरातला साधा काटा घे. वरच्या प्रमाणाचा कच्चा गोळा सुमारे ४०० ग्रॅम भरतो, आणि नीट वाळलेली सगळी बिस्किटं मिळून २३० ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजेत. २६०-२७० ला थांबलास तर आत अजून बरंच पाणी आहे, कितीही कडक लागोत, परत वैलावर. काटा नसेल तर तीन-चार वेगवेगळ्या जागची मोडून बघ, कट्कन तुटलं पाहिजे आणि तुटलेल्या कडेचा रंग मध्यापर्यंत सारखा पाहिजे. मध्ये जरा गडद, ओलसर पट्टा दिसला, अगदी केसाएवढा, तरी नाही झालं. ही परीक्षा गार झाल्यावरच घ्यायची, गरम बिस्किट मऊ लागतं आणि उगाच घाबरायला होतं.

मग डबा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, बंड्याच्या वेळी मी हीच चूक केली होती, गरम बिस्किटांचा घाम झाकणाला लागतो आणि थेंब परत खाली. काचेची घट्ट झाकणाची बरणी घे, तीन-चार दिवसांपुरतीच बाहेर ठेव, बाकीची छोट्या पुड्या बांधून फ्रीझरमध्ये. एक पुडी काढलीस की बंदच बाहेर ठेव, खोलीच्या तापमानाला आली की मगच उघड, नाहीतर गार बिस्किटावर लगेच दव धरतं. पावसात आपल्याकडे लाईट जाते आणि दोन-दोन दिवस येत नाही, लाईट गेली आणि पुड्या ओलावायला लागल्या तर सरळ तव्यावर परत वाळवून दोन दिवसांत संपव. हे फक्त लाईट नुकती गेली असेल आणि वास-रंग बदललेला नसेल तरच हं, शंका आली की टाकायचं.

किती द्यायची हे तू विचारलं नाहीस पण सांगते, कारण घरचं म्हणून लोक मूठमूठ देतात. खाऊ म्हणून जे देतो ते दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ९० टक्के पोट जेवणाने भरायला पाहिजे. शेरूसारख्या १४ किलोच्या, नसबंदी झालेल्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ८०. माझ्या या प्रमाणातली सगळी बिस्किटं मिळून साडेआठशेच्या आसपास कॅलरी होतात, त्याचे १०० तुकडे, म्हणजे एका तुकड्याला आठ-साडेआठ. दिवसाला नऊ-दहा तुकडे, त्यापुढे नाही. त्यात समुद्रावर नेताना, हाक मारल्यावर आल्याबद्दल, नखं कापताना, सगळं आलं. कुत्र्याला तुकडा केवढा आहे याचं काही नसतं, किती वेळा मिळाला हे तो मोजतो, म्हणून एकाचे दोन केलेस तरी त्याची तक्रार नाही.

नारळ घालू का असं विचारलंयस. मी घालत नाही. ओल्या खोबऱ्याचा लहानसा तुकडा बहुतेक कुत्र्यांना चालतो, पण सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं, बिस्किटात ते घातलं की पावसात आठवड्यात खवट येतं, आणि एकदम जास्त तेलकट पोटात गेलं की काही कुत्र्यांना स्वादुपिंडाची सूज येते, ती फार वाईट दुखते. शेंगदाण्याचं कूट पण पावसाळ्यात नको, दमट शेंगदाण्यावर अफलाटॉक्सिनची बुरशी लवकर धरते आणि ती दरवेळी दिसतेच असं नाही. कोंबडीची कलेजी कधीतरी, महिन्यातून एकदा, उकडून बारीक करून पिठात घातलेली चालेल, रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

आणि हे नीट लक्षात ठेव, घरात सगळ्यांना सांग, मुलांना तर नक्की सांग. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्याने होतं याचा भरवसा नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखादा थोड्याशाने जातो. गणपतीत हे फार सांभाळायला लागतं. मोदकाच्या सारणात मनुके, पंचखाद्यात मनुके, आणि येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने दारातल्या कुत्र्याला प्रसाद देतो. सारणात जायफळ पण असतं, तेही त्याला चांगलं नाही. आमच्याकडे गणपतीचे दिवस मी दारातच या बिस्किटांची वाटी ठेवते आणि सांगते, बाबांनो त्याला द्यायचंय तर यातलं द्या. कांदा-लसूण असलेलं कालवण नको, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्याकडे उरलेला कालवणभात काट्यासकट कुत्र्याच्या भांड्यात जातो हे रोजचं आहे. चॉकलेट, कोको पावडर, चहा-कॉफी नाही. शुगर-फ्री म्हणून मिळणाऱ्या गोष्टींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी घालतात तो गोडवा असतो का बघ, काही पीनट बटरमध्ये पण घालतात, त्याने अर्ध्या-एक तासात साखर धाडकन उतरते आणि पुढे यकृत जातं. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ नाही, पोटात फुगतं. आणि मे महिन्यात हापूसच्या कोयी, चाटायला गोड म्हणून कुत्रा गिळतो, आतड्यात अडकते आणि ऑपरेशन करायला लागतं. यातलं काही खाल्लं तर उलटी होते का बघू, सकाळपर्यंत थांबू, असं करू नकोस, काय आणि किती खाल्लं हे सांगून लगेच डॉक्टरला फोन. मीठ पाजून उलटी काढायचा उपाय लोक सांगतील, तो करू नकोस, ते मीठच बाधतं.

शेवटचं, तू लिहिलंयस की शेरू खाजवतो आणि घरच्या बिस्किटांनी ते थांबेल असं कोणीतरी सांगितलं. पावसात खाजवणाऱ्या कुत्र्याचे आधी कान, बगला आणि बोटांच्या मधल्या जागा उजेडात बघ, आपल्याकडे दहातल्या बहुतेक वेळा गोचिड, पिसवा नाहीतर ओल राहून झालेली बुरशी निघते. ती बिस्किटाने जाणार नाही, त्याचं औषध वेगळं. खाण्याची ॲलर्जी असतेच काहींना, गव्हाची, दुधाची, चिकनची, पण ती ओळखायला डॉक्टर सांगतील तसं सहा-आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं द्यायला लागतं, आणि तेवढे दिवस ही माझी बिस्किटं पण बंद, एक तुकडा सुद्धा नाही.

येत्या रविवारी अर्ध्या प्रमाणात कर. अंडं फेटून अर्धंच घे. कच्च्या गोळ्याचं आणि वाळल्यावरचं अशी दोन्ही वजनं मला कळव, कुठे कमी पडतंय ते लगेच कळेल.